स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी आणि मुलांचे प्रकट वाचन : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमची मुलगी जूनमध्ये दुसरीत गेली, तेव्हा तिला वाचता येते याबद्दल घरात कोणाच्याही मनात शंका नव्हती. पुस्तक हाती दिले की ती मोठ्या आवाजात, हावभावांसह, कोठेही न थांबता पानेच्या पाने वाचत असे आणि आम्ही कौतुकाने ऐकत असू. सासूबाईंनी मात्र एका दुपारी तिच्या शेजारी बसून तिच्या वाचनाबरोबर स्वतःचे बोट ओळीवरून फिरवले. पुस्तकात 'विहिरीजवळच्या झाडावरून माकड उतरले' असे वाक्य होते आणि मुलीने 'विहिरीजवळ झाडावर माकड होते' असे वाचले होते. वाक्याचा अर्थ लागत होता, चित्रात माकड आणि झाड दोन्ही होती, त्यामुळे दूर बसून ऐकणाऱ्या आम्हाला काहीच खटकले नव्हते. त्या एका पानावर सासूबाईंना अशा अकरा जागा सापडल्या. जळगाव जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत त्यांनी तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले असल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. 'हिला वाचता येते, पण ही कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचते,' एवढेच त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्ही ज्या साधनाचा सर्वांत जास्त उपयोग केला, त्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी गोष्टींविषयी हा अभिप्राय आहे. गोष्टी किती रंजक आहेत किंवा चित्रे किती सुंदर आहेत हा येथे मुख्य प्रश्न नाही, जरी दोन्हींविषयी चांगलेच सांगता येईल. सहा-सात वर्षांच्या मुलाला कागदावर जे आहे तेच वाचण्याची सवय लावण्यासाठी या गोष्टी कितपत उपयोगी पडतात, एवढ्याच दृष्टीने मी लिहीत आहे.

नवा मजकूर शोधावा लागण्याचे कारण साधे होते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील धडे आणि कविता तिने शाळेत इतक्या वेळा ऐकल्या होत्या की पान उघडताच त्या तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडत, आणि पाठ असलेला मजकूर मूल वाचते आहे की आठवते आहे हे ओळखण्याचा कोणताही खात्रीचा उपाय नाही. घरातील गोष्टींच्या पुस्तकांचीही तीच स्थिती होती. अचूकतेच्या सरावाला मुलाने पूर्वी न ऐकलेला, त्याच्या आवाक्यातला, एका बैठकीत संपणारा मजकूर लागतो आणि तो आठवड्याला तीन-चार या प्रमाणात सतत लागतो. एवढी पुस्तके विकत घेणे बहुतेक घरांना परवडणारे नाही आणि आमच्या भागातील वाचनालयात बालविभाग एका कपाटापुरताच आहे.

प्रथम बुक्स ही २००४ साली स्थापन झालेली बंगळूरची ना-नफा प्रकाशन संस्था आहे आणि स्टोरीवीव्हर हे तिने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, साक्षरता दिनाच्या दिवशी, सर्वांसाठी खुले केलेले गोष्टींचे भांडार आहे. आज तेथे तीनशेहून अधिक भाषांमधील गोष्टी आहेत. गोष्टी वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत, त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यामुळे मूळ लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा उल्लेख ठेवून त्यांत बदलही करता येतात. हा शेवटचा मुद्दा वाचताना कायद्याचा तपशील वाटतो. आमच्या कामात तोच सर्वांत मोलाचा ठरला. त्याविषयी पुढे सांगते.

गोष्टी चार स्तरांत विभागलेल्या आहेत. पहिल्या स्तरावर अडीचशेपेक्षा कमी शब्द, सोपी वाक्ये आणि शब्दांची पुनरावृत्ती असते. दुसरा स्तर साधारण सहाशे शब्दांपर्यंत जातो, तिसरा दीड हजारांपर्यंत, आणि चौथ्यात त्याहून मोठ्या गोष्टी येतात. भाषा आणि स्तर निवडला की यादी समोर येते. ही विभागणी पालकांसाठी फार सोयीची आहे, परंतु ती कशाची मोजपट्टी आहे हे आधीच समजून घेतले पाहिजे. अनेक भाषांना एकच मोजपट्टी लावायची तर ती शब्दांची संख्या, वाक्यांची लांबी आणि कल्पनेची सुलभता यांचीच असणार. देवनागरी लिपीतील अक्षरांची काठिण्यपातळी तिच्यात उतरणे शक्य नाही. पन्नास शब्दांच्या गोष्टीत 'पुन्हा', 'स्वप्न', 'सूर्य' आणि 'आश्चर्य' असे शब्द येऊ शकतात आणि चारशे शब्दांची एखादी गोष्ट कान्या-मात्र्यांवर सहज पार पडू शकते. म्हणून पालकाने गोष्ट मुलाला देण्यापूर्वी स्वतः एकदा वाचावी आणि एका पानावर किती जोडाक्षरे आहेत ते पाहावे. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे कोणतेही संकेतस्थळ आपल्या वतीने देऊ शकत नाही.

निवड करताना आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. येथे प्रथम बुक्स व इतर प्रकाशकांनी संपादित करून दिलेल्या गोष्टी आहेत, तशाच सर्वसामान्य वाचकांनी स्वतः लिहिलेल्या किंवा अनुवादित केलेल्या गोष्टीही आहेत. मोकळ्या व्यासपीठाचा तो स्वभावच आहे आणि अनेक लहान भाषांना त्यामुळेच पहिल्यांदा बालसाहित्य मिळाले आहे. परंतु ज्या मुलाला अक्षर न् अक्षर पाहून वाचायला शिकवायचे आहे, त्याच्या हाती दिलेल्या कागदावर ऱ्हस्व-दीर्घाची किंवा मुद्रणाची चूक असून चालत नाही, म्हणून या कामापुरत्या आम्ही प्रकाशकांच्या नावाने आलेल्या गोष्टीच घेतल्या. अनुवादित गोष्टींमध्ये पात्रांची आणि गावांची नावे दूरच्या प्रदेशांतील असतात. ती नावे वाचनाआधीच मुलाला दाखवून, दोनदा म्हणवून घ्यावीत, म्हणजे प्रत्येक पानावर त्याच नावाशी अडून त्याचा उत्साह मोडत नाही.

अक्षरांच्या वळणाबद्दलही थोडे सांगायला हवे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे ठरवून दिली आहेत आणि मुले शाळेत तीच गिरवतात, पण संगणकावरील अनेक देवनागरी टंकांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाने दिसतात. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. नव्याने वाचू लागलेले मूल मात्र ओळखीच्या शब्दावरही थबकते, आणि ते थबकणे चूक म्हणून मोजले तर अन्याय होतो. दोन्ही वळणे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ती भिंतीवर चिकटवली की दोन दिवसांत हा प्रश्न सुटतो.

आम्ही मुलीला गोष्ट कधीही मोबाइलच्या पडद्यावर वाचायला दिली नाही. पडदा लहान असला की ओळी मोडतात किंवा अक्षरे बारीक होतात, बोट ठेवले की पान सरकते, आणि बोट ठेवून वाचणे तर या वयात आवश्यकच आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पहिल्या स्तरावरची एक गोष्ट कृष्णधवल छापून आणायला साधारण तीस रुपये पडत. हा खर्च मी मोफत साधनाची खरी किंमत मानते आणि ती योग्य वाटते, कारण छापलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिता येते.

सासूबाईंची पद्धत अशी होती. गोष्टीच्या दोन प्रती काढायच्या, एक मुलीच्या हाती आणि एक स्वतःच्या मांडीवर. मुलगी वाचू लागली की बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दावर बारीक टिंब, गाळलेल्या शब्दाभोवती गोल, चुकलेल्या शब्दाच्या डोक्यावर तिने प्रत्यक्ष जे उच्चारले ते लिहायचे, आणि चुकून स्वतःच सुधारले तर त्या जागी 'स्व' असे लिहून तो शब्द बरोबर धरायचा. शंभर शब्द झाले की थांबायचे आणि चुका मोजायच्या. नोंदी ठेवण्याची अशी शिस्तबद्ध पद्धत न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांनी घालून दिली आणि ती जगभरच्या शाळांत वापरली जाते. सासूबाईंना ती सेवेतील एका प्रशिक्षणात मिळाली होती. तिचा सर्वसाधारण दंडक असा आहे की शंभरात पाचपर्यंत चुका होत असतील तर तो मजकूर मुलाला स्वतंत्रपणे झेपणारा आहे, सहा ते दहा चुका असतील तर मोठ्या माणसाच्या सोबतीने शिकण्याजोगा आहे, आणि त्याहून अधिक चुका असतील तर तो मजकूर बाजूला ठेवून सोपा शोधावा. विशेषनाम कितीही वेळा चुकले तरी ती एकच चूक धरतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तिने पूर्वी न पाहिलेल्या पहिल्या स्तरावरील गोष्टीत, आमच्या मुलीच्या शंभर शब्दांत चौदा चुका झाल्या. 'फाडफाड वाचते' असे आम्ही जिच्याविषयी नातेवाइकांना सांगत होतो, त्या मुलीसाठी सर्वांत सोप्या स्तरावरची ती गोष्टही अवघड होती.

नोंदींचा खरा उपयोग चुकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रकारात आहे. पंधरा दिवसांच्या कागदांवरून असे दिसले की तिच्या निम्म्याहून अधिक चुका शब्दाच्या शेवटी होत होत्या. मराठीत शब्दाचे शेपूट फार काम करते. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे 'झाड' ओळखीचे असले तरी 'झाडाखालच्या', 'झाडावरून', 'झाडामागे', 'झाडांमधून' ही प्रत्येक वेळी नव्याने वाचण्याची गोष्ट असते. मुलगी पहिली दोन अक्षरे पाहत होती, चित्राकडे एक नजर टाकत होती आणि उरलेला शब्द स्वतः पुरा करत होती. यावरचा उपाय म्हणजे कोऱ्या पोस्टकार्डाने शब्दाचा शेवट झाकून तो टप्प्याटप्प्याने उघडणे : 'झाडा', मग 'झाडाखाल', मग 'झाडाखालच्या'. दिवसाला असे सहा-सात शब्द घेतले की पुरेत. त्याहून अधिक घेतल्यास गोष्ट मागे पडते आणि मुलाला केवळ कवायत उरते.

येथे तो खुला परवाना कामी आला. एखादी गोष्ट तिच्या चांगल्या परिचयाची झाली की सासूबाई ती वहीत पुन्हा लिहून काढत आणि प्रत्येक वाक्यात एक-दोन शब्दांची शेपटे बदलत. मांजर 'टोपलीत' बसण्याऐवजी 'टोपलीमागे' बसे, मुले 'नदीकडे' जाण्याऐवजी 'नदीकडून' येत. खाली मूळ लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव त्या न चुकता लिहीत. चित्र तेच, पात्रे तीच, पण मनातल्या गोष्टीवर विसंबून वाचणारी मुलगी दुसऱ्याच ओळीला अडखळली आणि पहिल्यांदाच आपणहून परत मागे जाऊन शब्द पाहू लागली. सहा महिन्यांत केलेल्या सर्व प्रयत्नांपैकी हा एक प्रयोग मी सर्वांत वर ठेवीन. स्टोरीवीव्हरवर गोष्ट संपादित करण्याची, तिचा स्तर बदलून नवी आवृत्ती करण्याची सोयही आहे. ज्यांना टंकलेखन सोपे जाते त्यांनी ती वापरावी.

दुसरा मोठा गट होता रफाराचा आणि पहिल्या वेलांटीचा. 'पर्वत' हा शब्द ती 'पवर्त' असा वाचे आणि 'किनारा' वाचताना आधी 'क' म्हणून मग चाचपडे. दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि सासूबाईंनी ते समजावून सांगेपर्यंत मला ते कधी दिसले नव्हते : रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो, तर पहिली वेलांटी ज्या अक्षराच्या आधी लिहिली जाते त्याच्या नंतर उच्चारायची असते. डोळ्यांना दिसणारा क्रम आणि जिभेचा क्रम येथे वेगळा आहे, त्यामुळे घाईने वाचणारे मूल येथे हमखास घसरते. वाचायला बसण्यापूर्वी छापील पानावरचे सगळे रफार शोधून त्यांना लाल पेन्सिलीने गोल करायचे, असा खेळ आम्ही ठेवला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा हा फरक तिला त्यातूनच समजला, आणि तो समजल्यावर तिला झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

मात्र उच्चारातील प्रत्येक वेगळेपण म्हणजे वाचनातील चूक नव्हे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. आमच्या खानदेशात घरी 'डोळा' हा शब्द 'डोया' असा बोलला जातो आणि मुलगी वाचतानाही कधी कधी तसे म्हणते. सासूबाईंनी ते कधीही चुकीत धरले नाही. त्यांनी 'काळा' आणि 'काया' हे दोन शब्द शेजारी लिहून कोणता कोणता आहे ते बोटाने दाखवायला सांगितले. तिने बरोबर दाखवले, याचा अर्थ तिच्या डोळ्यांनी 'ळ' नीट पाहिला होता. प्रमाण उच्चार शिकवायचे तर ते काम वेगळ्या वेळी, मुलाच्या बोलीला कमी न लेखता करावे. वाचताना मध्येच उच्चारासाठी टोकलेले मूल हळूहळू गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलाकडून प्रकट वाचन करवून घेणे फार कठीण असते.

काही ठिकाणी तर लिपीच मुलाला मदत करत नाही. 'चार' मधील 'च' आणि 'चारा' मधील 'च' कागदावर सारखेच दिसतात, पण उच्चार निराळे आहेत. 'सिंह' आणि 'संवाद' यांमधील अनुस्वाराचा उच्चारही नुसत्या टिंबावरून कळत नाही. अशा जागी मुलाला पुन्हा पाहायला सांगण्यात अर्थ नसतो, कारण पाहून ते कळणारच नाही. तेथे शब्द ताबडतोब सांगून टाकावा आणि पुढे जावे. जे कागदावर आहे त्यासाठी थांबायचे आणि जे कागदावर नाही ते सांगायचे, हा भेद ऐकणाऱ्याला करता आला पाहिजे.

थांबणे हेच सर्वांत अवघड आहे, आणि ते मला शिकावे लागले. मुलगी अडली की शब्द माझ्याच तोंडून निघत असे. सासूबाईंनी मला मनात पाचपर्यंत आकडे मोजायला सांगितले. चूक झाली तरी वाक्य संपेपर्यंत बोलायचे नाही, कारण वाक्याच्या शेवटी अर्थ बिघडलेला पाहून मूल पुष्कळदा स्वतःच मागे वळते. ते वळले नाही तर 'ही ओळ पुन्हा बघ बरं' एवढेच म्हणायचे, कोणता शब्द चुकला ते सांगायचे नाही. त्यानंतरही सापडले नाही तर त्या शब्दाखाली बोट ठेवायचे. या क्रमाने गेल्यास अगदी थोडे शब्द मोठ्या माणसाने सांगावे लागतात. पहिल्या महिन्यात 'स्व' ही खूण आमच्या कागदांवर जवळजवळ नव्हती. दिवाळीनंतरच्या कागदांवर ती प्रत्येक पानावर दिसते.

याच काळात आम्ही मुलाचे वाचन ऐकून गुण देणारे एक मोबाइल अ‍ॅपही तीन आठवडे वापरून पाहिले. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण एका घरातील तीन आठवड्यांच्या अनुभवावरून त्या कंपनीविषयी निर्णय देणे रास्त होणार नाही. आमच्या बाबतीत असे झाले की 'झाडावरून' ऐवजी 'झाडावर' वाचले तरी तारा मिळे, आणि 'डोया' म्हटले की शब्द लाल होई. म्हणजे जी चूक सुधारायची होती ती सुटून जात होती आणि जी चूकच नव्हती ती धरली जात होती. शिवाय तारे लवकर मिळवण्यासाठी मुलगी अधिकच घाईने वाचू लागली. ते बंद केल्यावर तिचा वेग पूर्ववत व्हायला आठवडा लागला. स्टोरीवीव्हर मुलाचे वाचन ऐकत नाही, गुण देत नाही आणि चूक दाखवत नाही. हे त्याचे उणेपण आहे असे पूर्वी मला वाटत होते. आता वाटते की त्यामुळेच ऐकण्याचे काम माणसाकडे राहते.

संकेतस्थळावरील निवडक गोष्टींना ध्वनिफीत जोडलेली आहे आणि ऐकताना शब्द उजळत जातात. नमुना वाचन ऐकवण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण अचूकतेची नोंद घ्यायची असेल त्या गोष्टीसाठी ती आधी वापरू नये, अन्यथा पुन्हा पाठांतराचाच प्रश्न उभा राहतो. आम्ही क्रम उलटा ठेवला : पहिल्या दिवशी नोंदीसह पहिले वाचन, दुसऱ्या दिवशी सासूबाई वाचणार आणि मुलगी बोट फिरवणार, तिसऱ्या व चौथ्या दिवशी तोच मजकूर पुन्हा मुलीने वाचायचा. एकच छोटा मजकूर अनेकदा वाचल्याने वाचनातील चुका कमी होतात आणि सहजता वाढते, हे अमेरिकेतील अभ्यासक एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडले आणि त्यानंतर ही पद्धत वर्गावर्गांत रुजली. तिसऱ्या वाचनाला चौदाच्या तीन चुका झालेल्या पाहून मुलाला जो आत्मविश्वास येतो, तो शाबासकीच्या कोणत्याही शब्दाने येत नाही. मात्र प्रगती मोजायची ती नेहमी नव्या गोष्टीच्या पहिल्या वाचनावरच मोजावी.

वेगाबद्दल पालकांमध्ये सध्या फार काळजी दिसते. केंद्र शासनाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून वाचणे, अशी उद्दिष्टे आहेत आणि ती वाचून अनेक घरांत घड्याळ लावले जाते. या उद्दिष्टातील शब्द बरोबर वाचलेले आणि समजलेले असावे लागतात, हे त्या घाईत निसटते. आम्ही पहिले चार महिने घड्याळ लावलेच नाही. नोव्हेंबरमध्ये एकदा लावले, तेव्हा वेग आपोआपच ४५ च्या पुढे गेलेला आढळला. दुसरीकडे परिस्थितीचे गांभीर्यही नाकारता येत नाही. असर या ग्रामीण पाहणीनुसार २०२२ मध्ये देशातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. टाळेबंदीत शाळा बंद राहिल्याचा तो परिणाम होता आणि २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. तरीही चारांतील जवळपास तीन मुलांच्या हाती तिसरीचे पुस्तक असून त्यांना दुसरीचे पान वाचता येत नाही, हे ज्या शिक्षकांना रोज पाहावे लागते त्यांच्यासाठी मोफत, छापता येण्याजोग्या, स्तर लावलेल्या गोष्टी ही मोठीच मदत आहे.

डिसेंबरच्या अखेरीस, दुसऱ्या स्तरावरील नव्या गोष्टीच्या पहिल्या वाचनात, मुलीच्या शंभर शब्दांत चार चुका झाल्या आणि सहा ठिकाणी 'स्व' ची खूण होती. ऑक्टोबरमध्ये जवळजवळ महिनाभर आकडा आठ-नऊवर अडकून राहिला होता, तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या स्तरावर उतरलो आणि पंधरा दिवस फक्त सोप्या गोष्टी घेतल्या. मागे येण्यात कमीपणा मानू नये. या साऱ्याचे श्रेय केवळ संकेतस्थळाला देता येणार नाही, कारण रोजची वीस मिनिटे आणि शेजारी बसणारे माणूस नसते तर त्या छापील कागदांचे काही झाले नसते. पण कागद नसते तर त्या वीस मिनिटांत काय वाचायचे, हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला पडला असता.

ज्या मुलाला अद्याप बाराखडी सलग वाचता येत नाही त्याच्यासाठी हे साधन लवकर होईल. त्याला या गोष्टी वाचून दाखवाव्यात आणि अक्षरांचे काम निराळे करावे. मूल ओळी सोडत असेल, कागद डोळ्यांजवळ धरत असेल किंवा काही मिनिटांतच डोके दुखते म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. महिनोन् महिने नियमित सराव करूनही त्याच त्या अक्षरांशी झगडा चालूच असेल, तर शाळेतील शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये.

जी कुटुंबे महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात राहतात आणि ज्यांच्या जवळपास मराठी पुस्तकांचे दुकान नाही, त्यांना हे भांडार मी विशेष आग्रहाने सुचवीन. माझी नणंद बडोद्याला असते. तिच्या मुलाला गुजराती आणि इंग्रजी वाचता येते, मराठी बोलता येते, पण देवनागरीची शिरोरेघ पाहिली की तो मागे सरतो. तिला आम्ही पहिल्या स्तरावरच्या बारा गोष्टी निवडून, त्यांतील जोडाक्षरे मोजून, सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावून पाठवल्या आहेत. दर रविवारी संध्याकाळी तो फोनवर एक गोष्ट वाचतो, आणि इकडे सासूबाई आपली प्रत मांडीवर घेऊन पेन्सिलीने टिंबे देत बसतात. आता त्यांच्या शेजारी आमची मुलगीही दुसरी प्रत घेऊन बसते आणि भावाने शब्दाचे शेपूट गाळले की मनात पाचपर्यंत मोजते.